तोलाचे शोधक : डॉ. रॉबर्ट बारानी

शाळेच्या मधल्या सुटींत पटांगणाच्या एका कोपऱ्यांत मुलींची फुगडी रंगलेली आपण नेहमीं पाहतों. वेग वाढत जातो, वेण्या हवेंत उडूं लागतात, आणि एकाएकीं हात सुटून खेळ थांबतो. पाय थांबले तरी मुलींना मात्र भोंवतालचीं झाडें, शाळेची इमारत व आकाश हीं सर्व गरगर फिरतच आहेत असें वाटतें. उभें राहूं म्हटलें तरी पाय एका बाजूस ओढले जातात, आणि दोघीही हंसत हंसत धुळींत बसतात. हा खेळ आपल्या आजी-पणजींच्या वेळेपासून चालत आला आहे. परंतु शरीर थांबल्यावरही डोकें कां फिरत राहतें, आणि डोकें फिरलें म्हणजे धडधाकट माणसालाही उभें राहणें कां अवघड जातें, हा प्रश्न स्वतःला विचारणारे थोडेच. त्या थोड्यांपैकीं एका थोर वैद्याचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे. त्यांचें नांव डॉ. रॉबर्ट बारानी.

चरित्राकडे वळण्यापूर्वीं एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. उभें राहणें म्हणजे कांहींच न करणें, असा आपला सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाहीं. मनुष्याचें शरीर उंच, आणि त्याला आधार काय तो दोन पावलांपुरत्या जागेचा. शरीराच्या भाराचा मध्य बेंबीच्या किंचित् खालीं असतो, आणि तेथून सोडलेली ओळंब्याची रेषा घोट्यांच्या थोडी पुढें पडते. म्हणजे शरीराचा कल सदैव पुढें पडण्याकडेच असतो, व पोटऱ्यांचे स्नायु त्याला क्षणोक्षणीं मागें ओढून धरीत असतात. कवायतींत सावधान उभा असलेला मुलगाही बारकाईनें पाहिल्यास किंचित् डुलत असतो. या अखंड राखणीसाठीं शरीरानें तीन पहारेकरी नेमले आहेत. पहिला पहारेकरी म्हणजे डोळे; दुसरा, पायांचे तळवे, सांधे व स्नायु यांना होणारी जाणीव; आणि तिसरा, कानाच्या अगदीं आंत, कवटीच्या हाडांत लपलेलें एक लहानसें यंत्र. तिघांच्या वर्द्या मेंदूकडे जातात, आणि मेंदू त्या एकमेकींशीं पडताळून कोणत्या स्नायूनें किती ओढ घ्यावी याचा हुकूम सोडतो. यांपैकीं तिसऱ्या पहारेकऱ्याची परीक्षा कशी घ्यावी हें जगाला शिकविण्याचें श्रेय बारानी यांच्याकडे जातें.

त्यांच्या पूर्वीं या वाटेनें कोणी गेलें नव्हतें असें मात्र नाहीं. फ्रान्समध्यें फ्लूराँस यांनीं १८२० नंतरच्या दशकांत कबुतरांच्या कानांतील अर्धवर्तुळाकार नलिका कापून पाहिल्या. तेव्हां तीं पांखरें बहिरीं न होतां त्यांचा तोल मात्र गेला. बर्लिनच्या रोंबेर्ग यांनीं असें दाखविलें कीं, पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूच्या एका रोगांत रोगी डोळे उघडे असतां उभा राहतो, पण डोळे मिटतांच डोलूं लागतो. १८६१ सालीं पॅरिसच्या मेनिएर यांनीं घेरीचें मूळ कानांतही असूं शकतें असें प्रतिपादिलें. पुढें १८७३ ते १८७५ च्या सुमारास माख, ब्रॉयर व क्रम ब्राउन या तिघांनीं स्वतंत्रपणें असा सिद्धांत मांडला कीं, या नलिकांत एक द्रव असून डोकें फिरूं लागलें म्हणजे तो जडत्वामुळें मागें राहतो, आणि त्यावरून मेंदूस फिरण्याचें ज्ञान होतें. फुगडीचें कोडें येथेंच सुटतें. पाय थांबतात, परंतु नलिकांतील द्रव पुढें ढकलला जातो, आणि त्याच्या दाबानें वांकलेला मऊ पडदा सरळ होण्यास कांहीं सेकंद लागतात. तेवढा वेळ हा पहारेकरी खोटी वर्दी देत राहतो.

हें सर्व ज्ञान होतें. परंतु तें बहुतांशीं ग्रंथांत व प्रयोगशाळांतच होतें. दारीं आलेल्या रोग्याच्या कानांतील हें यंत्र शाबूत आहे कीं बिघडलें आहे, हें ओळखण्याची सोपी व खात्रीची रीत वैद्यांच्या हातीं नव्हती.

रॉबर्ट बारानी यांचा जन्म २२ एप्रिल १८७६ रोजीं व्हिएन्ना शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. सहा भावंडांत ते सर्वांत वडील. त्यांचे वडील एका शेतीच्या इस्टेटीची व्यवस्था पाहात असत. आई प्राग येथील एका विद्वानाची कन्या होती, व घरांतील विद्येचें वळण मुख्यतः तिचेंच होतें. लहानपणींच रॉबर्ट यांना हाडांच्या क्षयानें गांठलें. त्या काळीं या रोगावर औषध नव्हतें. जीव वांचला, परंतु एक गुडघा कायमचा ताठ झाला. ज्याचा गुडघा वांकत नाहीं त्याला उठतां-बसतांना, जिना उतरतांना, वळतांना, ज्या गोष्टीचा इतरांना विचारही करावा लागत नाहीं त्या तोलाचा विचार पदोपदीं करावा लागतो. अशा मुलानें घरांत बसून राहावें हें सोपें होतें. बारानी यांनीं तसें केलें नाहीं. ते टेनिस खेळत आणि डोंगरांतून भटकतही असत. याच दुखण्यानें त्यांच्या मनांत वैद्यकाची ओढ उत्पन्न केली.

१९०० सालीं त्यांनीं व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकाची पदवी संपादन केली. त्यानंतर जर्मनींतील कांहीं नामांकित दवाखान्यांत अंतर्गत रोग व मज्जासंस्थेचे रोग यांचा अनुभव घेऊन ते परत आले, आणि १९०३ सालीं व्हिएन्ना येथील प्रसिद्ध कर्णवैद्य ॲडाम पोलिट्झर यांच्या हाताखालीं काम करूं लागले. कानाच्या दवाखान्यांतील नित्याचें काम म्हणजे वाहते कान पिचकारीनें धुणें. कामांत थोरपण कांहींच नाहीं. उमेदवार डॉक्टरानें निमूटपणें करावें असें तें काम. परंतु बारानी यांच्या नजरेस एक गोष्ट वारंवार येऊं लागली. कान धुतांना पुष्कळ रोग्यांना घेरी येई, आणि त्याच वेळीं त्यांचे डोळे हळूहळू एका बाजूस सरकत व झटक्यानें परत येत. पुन्हा सरकत, पुन्हा परत येत. या नेत्रकंपाची ते काळजीपूर्वक टिपणें ठेवूं लागले.

एके दिवशीं एका रोग्यानें तक्रार केली कीं, पाणी पुरेसें ऊन नसलें म्हणजेच आपल्याला घेरी येते. घरीं आपण ऊन पाण्यानें कान धुतों तेव्हां असें कधींच होत नाहीं. रोग्याची अशी कुरकूर दवाखान्यांत दररोज ऐकूं येते, व बहुधा ती ऐकून सोडून दिली जाते. बारानी यांनीं ती खरी मानली आणि नर्सकडून अधिक ऊन पाणी मागविलें. पाणी हवें त्याहून फारच ऊन निघालें, आणि रोग्याला पुन्हा जोराची घेरी आली. दुसरा एखादा डॉक्टर आपली चूक झाली म्हणून चुळबुळला असता. बारानी यांनीं रोग्याच्या डोळ्यांकडे पाहिलें. थंड पाण्यानें डोळे ज्या बाजूस झटका घेत होते, त्याच्या अगदीं उलट बाजूस ते आतां झटका घेत होते. थंड पाण्यानें एक दिशा, ऊन पाण्यानें उलट दिशा, आणि शरीराच्या उष्णतेइतक्या पाण्यानें कांहींच नाहीं. एका कुरकुरींतून व एका चुकींतून निसर्गाचा नियम डोकावला होता.

आतां कारण शोधावयाचें होतें. तें त्यांना न्हाणीघरांतील पाणी तापविण्याच्या भांड्यावरून सुचलें. आपल्या घरच्या बंबांतही हेंच घडतें. विस्तव खालीं असतो, तरी ऊन पाणी वर चढतें व थंड पाणी खालीं उतरतें. बारानी यांनीं असा तर्क केला कीं, कानांत थंड पाणी घातलें म्हणजे जवळच्या नलिकेंतील द्रवाचा एक भाग गार होऊन जड होतो व खालीं उतरतो. ऊन पाण्यानें तोच भाग हलका होऊन वर चढतो. डोकें तर स्थिर आहे, परंतु द्रव हलला आहे. म्हणून मेंदूस डोकें फिरत असल्याची वर्दी मिळते. हा तर्क खरा असेल तर त्याची परीक्षा घेणें सोपें होतें. नलिकेचा वरचा भाग खालीं येईल अशा रीतीनें डोकें उलट ठेवलें, तर त्याच थंड पाण्यानें नेत्रकंपाची दिशा पालटली पाहिजे. बारानी यांनीं तसें करून पाहिलें, आणि दिशा खरोखरच पालटली. १९०६ व १९०७ सालीं त्यांनीं हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या प्रयोगाचा उभें राहण्याशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. डाव्या कानांत थंड पाणी घालून मनुष्याला पाय जुळवून, डोळे मिटून उभें केलें, तर तो डाव्या बाजूस कलतो. आतां त्याला मान उजवीकडे वळवावयास सांगावें, म्हणजे डावा कान समोर येईल. मग तो पुढें पडूं लागतो. मान डावीकडे वळविली तर तो मागें पडूं लागतो. पाय जेथल्या तेथेंच, जमीन तीच, परंतु मान वळतांच पडण्याची दिशा बदलते! यावरून सिद्ध झालें कीं, शरीराला सांवरणाऱ्या स्नायूंना कानांतील यंत्राकडून क्षणोक्षणीं सूचना मिळत असतात, व त्या सूचना डोकें कोणत्या दिशेस आहे हें पाहूनच पाळल्या जातात. खोटी सूचना मिळाली कीं स्नायु इमानानें खोट्या बाजूस सांवरूं जातात, आणि मनुष्य पडतो.

बारानी यांनीं दुसरीही परीक्षा बसविली. रोग्यास फिरत्या खुर्चीवर बसवून २० सेकंदांत १० फेरे द्यावयाचे व खुर्ची एकदम थांबवून डोळ्यांचा कंप किती वेळ टिकतो तें पाहावयाचें. फुगडीचाच हा शास्त्रीय अवतार म्हणावयाचा! तशीच एक बोटाची परीक्षा. रोग्यानें डोळे मिटून समोरच्या ठराविक ठिकाणीं बोट लावावयाचें. हात एका बाजूस ढळूं लागला तर दोष कानांत आहे कीं लहान मेंदूंत, याचा अंदाज त्यावरून बांधतां येई.

या परीक्षा केवळ कुतूहलाच्या नव्हत्या. पेनिसिलीनसारखीं औषधें तेव्हां निघालीं नव्हतीं. कानांतील पू आंत शिरून तोलाच्या यंत्राचा नाश करी, आणि तेथून मेंदूपर्यंत पोंचला तर रोगी बहुधा दगावे. पू कोठपर्यंत गेला आहे, शस्त्रक्रिया करावी कीं थांबावें, हा निर्णय पूर्वीं बराचसा अंदाजानें घ्यावा लागे. आतां वाटीभर थंड पाण्यानें वैद्याला कळूं लागलें कीं, आंतलें यंत्र जिवंत आहे किंवा नाहीं. अनेकांचे प्राण या साध्या परीक्षेवर अवलंबून राहिले.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध पेटलें. बारानी शल्यवैद्य म्हणून ऑस्ट्रियाच्या सैन्याबरोबर गेले व प्शेमिस्ल येथील मोठ्या किल्ल्यांत जखमी सैनिकांवर उपचार करूं लागले. मेंदूस लागलेल्या गोळीच्या जखमांवर शस्त्रक्रिया करण्याची एक नवी रीतही त्यांनीं तेथें काढली. किल्ल्यास रशियन सैन्याचा वेढा पडला, आणि २२ मार्च १९१५ रोजीं किल्ला शरण गेला. बारानी कैद झाले. त्यांना दूर मध्य आशियांतील मर्व्ह येथें, म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानांत, युद्धबंदी म्हणून ठेवण्यांत आलें. कैद्याचें जिणें त्यांच्या वांट्यास आलें, परंतु त्यांची विद्या कोणी हिरावून घेऊं शकलें नाहीं. स्वदेशचे कैदी व शत्रुपक्षाचे लोक, दोघांच्याही कानांवर ते तेथें उपचार करीत राहिले.

याच बंदिवासांत असतांना त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झालें. तें १९१४ सालचें होतें, परंतु त्याचा निर्णय १९१५ सालीं झाला होता. ज्याला हा जगांतील श्रेष्ठ मान मिळाला, तो हजारों मैल दूर छावणींत अडकलेला! स्वीडनचे राजपुत्र कार्ल यांनीं रेड क्रॉसच्या वतीनें रशियाकडे मध्यस्थी केली, आणि १९१६ सालीं बारानी यांची सुटका झाली. त्या वर्षीं सप्टेंबरांत त्यांनीं स्टॉकहोम येथें आपल्या शोधांवर व्याख्यान दिलें.

एवढ्या गौरवानंतर व्हिएन्नानें त्यांना मस्तकीं धरावयास पाहिजे होतें. घडलें निराळेंच. तेथील कांहीं सहकाऱ्यांनीं त्यांच्यावर असा आरोप केला कीं, पूर्वींच्या संशोधकांचें ऋण त्यांनीं आपल्या लेखांत पुरेसें मान्य केलें नाहीं. वर सांगितलेच आहे कीं या वाटेनें त्यांच्या आधीं अनेकजण गेले होते. म्हणून कोणाला किती श्रेय द्यावें याविषयीं वाद होणें अशक्य नव्हतें. परंतु ज्या शहरांत ते जन्मले, शिकले व झिजले, तेथेंच त्यांना परकेपणा वाटूं लागला, ही गोष्ट खरी. ते मनांतून फार दुखावले. १९१७ सालीं त्यांनीं व्हिएन्ना सोडलें व स्वीडनमधील उप्साला विद्यापीठांत कर्णरोगांच्या विभागाचें काम पत्करलें. वय ४१, देश परका, भाषा परकी. बालपणीं आजारानें, मग युद्धानें व आतां स्वकीयांनीं त्यांना जागचें हलविलें होतें. तरी प्रत्येक वेळीं नव्या जागीं पाय रोवून त्यांनीं तेंच काम पुढें चालविलें.

उप्साला येथें १९२१ सालीं त्यांनीं एका तरुण स्त्रीच्या विचित्र घेरीचें वर्णन प्रसिद्ध केलें. डोकें एका विशिष्ट बाजूस वळवून निजलें कीं तिला जोराची घेरी येई व थोड्या वेळांत जाई. कानांतील तोलाच्या यंत्रांत नलिकांखेरीज दोन पिशव्या असतात, आणि त्यांत चुन्याच्या क्षारांचे सूक्ष्म खडे असतात. दोष त्यांचा असावा असें बारानी यांनीं सुचविलें. आज आपणांस ठाऊक आहे कीं, हे कण जागा सोडून नलिकेंत शिरले म्हणजे अशी घेरी येते, आणि जाणकार डॉक्टर रोग्याचें डोकें ठराविक क्रमानें वळवून ते कण परत जागीं नेतात. खाटेवरून उठतांना घर फिरतें म्हणून घाबरलेल्या कित्येक वृद्धांना या उपायानें औषधावांचून बरें वाटतें.

१९२६ सालीं बारानी उप्साला येथें प्राध्यापक झाले. पियानोवादन हा त्यांचा विसांवा होता. ८ एप्रिल १९३६ रोजीं, साठावा वाढदिवस अवघ्या चौदा दिवसांवर आला असतां, त्यांचें निधन झालें. १९६० सालीं जगांतील तज्ज्ञांनीं त्यांच्या नांवानें एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापिली.

शास्त्र मात्र कोणाच्याही नांवापाशीं थांबत नाहीं. १९८३ सालीं स्पेसलॅब नांवाच्या अंतराळांतील प्रयोगशाळेंत बारानी यांची परीक्षा पुन्हा करण्यांत आली. तेथें वजन नाहींसें झाल्यामुळें ऊन द्रव वर चढण्याचा व थंड द्रव खालीं उतरण्याचा प्रश्नच नव्हता. बंबाचा तर्क पूर्ण खरा असता तर डोळे स्थिर राहिले असते. परंतु ते हलले! यावरून दिसून आलें कीं, पृथ्वीवर बारानी यांनीं सांगितलेलें कारण मुख्य असलें तरी उष्णतेचा आणखीही कांहीं परिणाम त्या यंत्रावर होतो. त्यांची परीक्षा टिकली, त्यांच्या कारणांत भर पडली.

उभ्या माणसास धक्का बसला म्हणजे काय होतें, हेंही आतां अधिक बारकाईनें कळलें आहे. पायांखालची फळी एकदम सरकविली, तर सेकंदाच्या सुमारें दहाव्या भागांतच पायांचे स्नायु आंवळूं लागतात. मनांत विचार येण्यापूर्वींच शरीर सांवरावयास निघालेलें असतें. धक्का लहान असेल तर घोट्यांतून सांवरतां येतें, मोठा असेल तर कंबर वांकवावी लागते, आणि त्याहून मोठा असेल तर पाऊल टाकावें लागतें. पाऊल टाकणें ही हार नव्हे. पडूं नये म्हणून शरीरानें योजिलेला तो शेवटचा व फार शहाणपणाचा उपाय आहे.

विद्यार्थिमित्रहो, आज घरीं गेल्यावर एक लहानसा प्रयोग करून पाहा. मोकळ्या जागीं, शेजारीं एखाद्या भावंडास उभें करून, एका पायावर उभे राहा व मनांत आंकडे मोजा. मग तेंच डोळे मिटून करा. एक पहारेकरी रजेवर गेला म्हणजे उरलेल्या दोघांची किती धांदल उडते, हें घोट्याच्या थरथरीवरून तत्काळ कळेल. कानांत पाणी घालण्याचा प्रयोग मात्र कोणीं करूं नये. तो डॉक्टरांचा आहे. आणि तुमच्यापैकीं जे पुढें वैद्यकाचा धंदा पत्करतील, त्यांनीं तें ऊन पाणी विसरूं नये. समोरचा रोगी कुरकुरूं लागला, तर त्याचें बोलणें पुरतें ऐकून घ्यावें, आणि मग त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहावें.